आक्का, काल मला विचारलं

आक्का, तुझे दिवस झाले, गंधमुक्ती झाली, मांडव निघाला, भाड्याच्या सतरंज्या टेम्पोत चढल्या आणि तुझा ओटा रिकामा झाला. माणसं दारावर बसायला येत होती तोवर तू गेलीस हे माझ्या डोक्यात नीट शिरतच नव्हतं. घरात एवढी वर्दळ म्हणजे काहीतरी कार्य असणार आणि तू आत चुलीपाशी कुणावर तरी खेकसत असणार, असंच वाटायचं. आता कुणी येत नाही, तेव्हा कळतंय.

कोण कोण आलं होतं सांगू? सगळं गाव. गॅसच्या लाइनीला सह्या देऊन मोकळे झालेले, आणि आपण दोघी कोर्टात गेलो म्हणून आपल्याशी बोलणं टाकलेले, तेसुद्धा. बाजारात आपण समोरून दिसलो की वाट बदलणारी ती पलीकडच्या गल्लीतली, तिनं तर गळा काढला. एक जण म्हणाला, "आक्का मोठी जिद्दी बाई व्हती." हाच माणूस पारावर बसून आपल्याला 'कोरटवाल्या' म्हणायचा. मला अशी तिडीक आली म्हणून सांगू! पण तुझ्या दारात आलेल्या माणसाला मी टाकून बोलले असते, तर तूच उठून बसली असतीस.

आणि जावेचं सांत्वन कुणी करतं का गं? आले ते तुझ्या मुलाजवळ बसले, सुनेला पोटाशी धरलं. मी चहाचे कप भरत राहिले. आपल्या कोरीट गावात जाऊ म्हणजे बांधाला बांध लागलेली, हिश्श्यावरून भांडणारी बाई. तिला कसलं आलंय दुःख! लोकांचं तरी काय चुकलं, आपण दोघी भांडलोही तशाच.

ते जुनं भांडण मला या दिवसांत सारखं आठवतंय. आपल्या शिवारात जमिनीच्या वर जेवढी केळी-कापूस आहे, तेवढंच खाली पाण्याच्या पाइपांचं जाळं आहे. तापीवरून पाणी आणायचं तर किती जणांच्या वावरांतून लाइन न्यावी लागते. त्याचा कुठे कागद नाही की स्टँप नाही. ज्याला लाइन न्यायची तो संध्याकाळी घरी येतो, चहा पितो, इकडचं तिकडचं बोलतो आणि मग विचारतो. मालकानं मान डोलावली की दुसऱ्या दिवशी बांधावर नारळ फुटतो आणि पहिली कुदळ मालक स्वतःच्या हातानं मारतो. मालक नाही म्हणाला, तर विचारणारा वळसा घालून दुसऱ्या कुणाकडे जातो, आणि कुणी कुणाचा राग धरत नाही.

माझ्या नवऱ्यानं ही रीत मोडली. सख्ख्या भावाच्या वावरातून जायला कसलं विचारायचं, म्हणाले, आणि एका सकाळी मजूर लावून तुझ्या हिश्श्यात चर खोदून मोकळे झाले. तुझे मालक तेव्हा नुकतेच गेलेले. दुपारी तू वावरात गेलीस आणि टाकलेले पाइप उपटून आमच्या अंगणात आणून आपटलेस. "वावर मन्हं शे. माले इचारानं पडी." एवढंच बोललीस आणि पदर खोचून निघून गेलीस. आमचं वावर कोरडवाहू ते कोरडवाहूच राहिलं, आणि भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या आपण दोघी त्यानंतर कित्येक वर्षं एकमेकींशी बोललो नाही. माझे मालक गेले तेव्हा तू आलीस, माझ्याजवळ बसलीस, पण बोलली नाहीस. मी तुला कजाग म्हणायचे. माहेरी गेले की तुझ्या नावानं बोटं मोडायचे.

मग ते सर्व्हेवाले आले. गुजरातकडून येणारी गॅसची मोठी लाइन आपल्या शिवारातून जाणार आहे आणि तिला सरकारची मंजुरी आहे, हे आपल्याला कळलं ते वावरात रोवलेल्या खुंट्यांवरून. खुंट्या तुझ्या केळीतून तिरप्या निघून बांध ओलांडून माझ्या कापसात आल्या होत्या. जमीन आपलीच राहणार, वर पीकही घ्यायचं. पण त्या पट्ट्यात पुन्हा कधी विहीर खोदायची नाही, घर बांधायचं नाही, झाड लावायचं नाही. आणि पाणी पाहणाऱ्यानं मला विहिरीसाठी दाखवलेली जागा बांधाला लागून, नेमकी त्याच पट्ट्यात होती. सबंध वावरात तेवढ्या एका जागी नारळ त्याच्या तळहातावर उभा राहिला होता.

आणि तू काय केलंस? त्यांना चहा पाजलास! भर उन्हात खुंट्या ठोकणारी ती परगावची माणसं तू शेडात बसवलीस आणि म्हणालीस, "च्या पीसन ल्या, मंग काय इचारनं ते इचारा." आपल्या रीतीप्रमाणे तुला वाटलं, हे आता चहा पितील आणि मग विचारतील. ते चहा प्यायले, कप खाली ठेवले आणि पुढच्या वावरात गेले. नंतर पंचनाम्यात आलं की जमीनधारक महिला समक्ष हजर होत्या, त्यांनी चहापाणी केलं, विरोध केला नाही.

इतक्या वर्षांचा अबोला मोडला तो याच रागात. बांधावर उभी राहून मी ओरडले, "आक्का, त्यास्ले कसाले च्या दिधा?"

तूही तशीच ओरडलीस, "मंग बिगर च्याना इचारतीन का?"

आपण बोललो होतो, हे दोघींच्याही मागाहून लक्षात आलं. मला हसू आलं होतं, पण मी तोंड फिरवून कापसात शिरले. तुझ्यासमोर एवढ्या लवकर हसायचं नव्हतं मला.

हरकती पुष्कळांनी दिल्या. सुनावणीला सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवलं, हजेरी घेतली, कंपनीच्या माणसानं पडद्यावर चित्रं दाखवली आणि झालं म्हणून सांगितलं. कुणाची हरकत कुणी उघडून वाचली नाही. मग घरोघर एकच मजकूर आला, वर तेवढं नाव वेगळं: हरकतीत तथ्य नाही. बाकीचे म्हणाले, सरकारशी कोण भांडत बसतं, मिळतंय ते घ्या. त्यांना मी दोष देत नाही, ज्याचं त्याला माहीत. तू मात्र तो मजकूर माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलास आणि विचारलंस, "यामा आपलं कोनी ऐकी लिधं, आसं कोठे शे?"

नव्हतंच ते कुठे.

माझ्या नवापूरच्या जावयानं औरंगाबादच्या खंडपीठातला एक तरुण वकील गाठून दिला. त्यानं पहिल्याच दिवशी साफ सांगितलं, लाइन चांगली की वाईट, यावर कोर्ट काही बोलणार नाही. मंजुरी देताना कायद्याप्रमाणे तुमचं म्हणणं ऐकलं की नाही, एवढंच कोर्ट तपासेल. माझा चेहरा पडला. मला लाइन नको होती, बाकी काही नाही. तू मात्र टेबलावर थाप मारून म्हणालीस, "तेच ते!" वकील बिचारा दचकला.

कोर्टाच्या पायऱ्या चढताना तुझा गुडघा धरला होता. मी हात पुढे केला, म्हटलं, "आक्का, तुम्ही सावकाश." लग्न होऊन आल्यापासून मी तुला तुम्हीच म्हणत आले होते, अबोल्यात मनातल्या मनात शिव्या देतानासुद्धा. तू म्हणालीस, "आते तुमी-बिमी ऱ्हाऊ दे. आपन एकच गुन्हामा शेतस." तिथपासून तू झालीस.

त्या चहाची गंमत तर आता मी कुणाला सांगू? तिथे तर तू आणि मीच होतो. कंपनीचे वकील इंग्रजीत बोलत होते, आपल्याला काही समजत नव्हतं, पण 'टी' हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. न्यायमूर्तींनी मध्येच मराठीत विचारलं, "कुणी दिला होता चहा?" त्यांनी विचारलं होतं वकिलांना. उठून उभी राहिलीस तू, अगदी मागच्या बाकावरून.

"मी, साहेब. आमनाकडे इचाराले येस त्याले च्या देतस."

आपला वकील पांढराफटक पडला. पट्टेवाला हातानं बसा बसा करू लागला. न्यायमूर्तींनी त्याला थांबवलं आणि तुला विचारलं, "मग विचारलं का त्यांनी?"

"नही ना साहेब. च्या पीसन चालना गयात."

सगळं कोर्ट हसलं. न्यायमूर्ती हसले नाहीत. "बसा, आजी," म्हणाले. बाहेर आल्यावर आपला वकील म्हणाला, मला जे तासभर मांडायचं होतं ते यांनी मांडून टाकलं. तू मला कोपर मारून विचारलंस, तो रागावला की काय.

पण आपलं खरं भांडण धुळ्याच्या स्टँडवर झालं, आणि ते मिटलं नाही. नंदुरबारची गाडी लागलेली नव्हती. दादर ज्वारीची भाकरी आणि ठेचा मांडीवर घेऊन आपण बसलो होतो. मी सहज म्हटलं, "आक्का, उद्या त्यास्नी खरंच इचारं, तर काय सांगशी?"

"पहिले इचारू तर दे."

"तरी बी?"

"ते मी इचारनाराले सांगसू. तुले कसाले सांगू?"

मी चिडले. म्हटलं, नाहीच म्हणायचं ना? आपण लाइन अडवायला निघालोय ना? तू भाकरी मोडत शांतपणे म्हणालीस, "तू अडवाले निंघेल शे. मी नही." म्हणजे विचारल्यावर तू हो म्हणणार होतीस? मग एवढ्या लांब कशाला आलो, गावाची बोलणी कशाला खाल्ली, कशाला दर तारखेला पहाटे उठून भाकऱ्या बडवल्या? मी तुला नाही नाही ते बोलले. तू उरलेली अर्धी भाकरी माझ्यापुढे केलीस, मी घेतली नाही. दोंडाईचा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

पण त्या भांडणानं माझ्या डोक्यात काहीतरी हललं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी तुझ्या घरी आले. दारातच तुला कळलं मी कशाला आले ते, तुझ्या डोळ्यांत दिसलं मला. पण तू आधी चहा ठेवलास. केळीला भाव नाही म्हणालीस, यंदा मिरचीवर रोग आहे म्हणालीस, रनाळ्याच्या कुणाचं लग्न मोडलं ते सांगत बसलीस. मी कासावीस. शेवटी कप खाली ठेवून मी विचारलं, "आक्का, तापीना पानीनी लाइन तुन्हा वावरमाईन लई जाऊ का?" जे माझ्या नवऱ्यानं विचारायला हवं होतं ते. तू मान डोलावलीस. दुसऱ्या दिवशी नारळ फोडलास आणि त्या दुखऱ्या गुडघ्यानं वाकून पहिली कुदळ मारलीस. माझ्या कापसाला तापीचं पाणी लागलं ते तुझ्यामुळे. हे मी तुला तोंडानं कधी म्हटलं नाही, आता म्हणते. तू माझ्यासाठी फार केलंस, आक्का. मला सख्खी बहीण नव्हती, आणि उतारवयात मिळाली ती जाऊ.

निकाल लागला तेव्हा तू नंदुरबारला दवाखान्यात होतीस. वकिलाचा फोन मी जिन्यात घेतला. आपल्या हरकती न ऐकता फेटाळल्या होत्या, ते कोर्टानं रद्द केलं होतं. आपल्या दोघींच्या जमिनीपुरती मंजुरी बाजूला ठेवली होती, पुन्हा एकेकीला बोलावून ऐका म्हणून सांगितलं होतं. मी धावत आले, तुझ्या कानाशी वाकले, म्हटलं, आक्का, आपल्याला विचारणार आहेत. तू डोळे उघडलेस. ओळख होती त्या डोळ्यांत. "माले घर ली चाल," म्हणालीस, आणि पुन्हा मिटलेस.

तेव्हाच विचारून घ्यायला हवं होतं, तू काय सांगणार होतीस ते. मला वाटलं, वेळ आहे. बरी होऊन घरी आलीस की ओट्यावर निवांत भांडू.

काल ती सुनावणी होती. मी एकटी गेले. नंदुरबारच्या गाडीत गावातलं ओळखीचं कुणी होतं, मला पाहून पुढच्या बाकावर सरकून बसलं. अधिकारी नवीन होते, वयानं लहान, बोलायला बरे. त्यांनी यादीप्रमाणे आधी तुझं नाव घेतलं. हरकतदार क्रमांक एक. मी काही सांगायच्या आत त्यांनीच समोरचा कागद पाहिला आणि म्हणाले, "मयत. वारसाची संमती आलेली आहे."

तुझ्या मुलाला मी नावं ठेवत नाही. तो सूरतला, त्याचं बिऱ्हाड तिथं. गंधमुक्ती झाल्यावर जाताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "काकू, माय व्हती तवलोंग ठीक व्हतं. आते दर तारीखले मी कसा ईसू?" खरंच आहे त्याचं. कायद्यानं जमीन त्याची, त्यानं हो म्हटलं, विषय संपला. पण तुझं म्हणणं ऐकायचं म्हणून कोर्टानं सांगितलं होतं, आणि तुझं म्हणणं एका शब्दात निकाली निघालं. मी तिथं खुर्चीत बसून ते होताना पाहिलं, आक्का.

मग त्यांनी नकाशा माझ्यापुढे केला आणि नीट समजावून सांगितलं. लाइन तिरपी न नेता बांधाला धरून सरळ नेता येईल. बांधाच्या पलीकडून नेली तर सगळी तुझ्या हिश्श्यातून जाईल, माझं वावर पूर्ण मोकळं. अलीकडून नेली तर सगळी माझ्यातून. दोन्हीला नाही म्हटलं तर तसंही लिहून घेतील, मग आधीच्या तिरप्या आखणीचा विचार वर होईल आणि बहुतेक दोन्ही वावरं चिरून जाईल. "पलीकडून न्यायला अडचण नाही. तुम्ही सांगाल तसं," ते म्हणाले. "तुमचं काय म्हणणं आहे?"

आणि पेन खाली ठेवून ते थांबले. खरोखर थांबले. एवढ्याचसाठी आपण इतक्या गाड्या बदलल्या होत्या.

माझं म्हणणं मी कितीदा घोकून गेले होते. नाही म्हणायचं होतं मला, ठणकावून. आणि आता नाही म्हणायचीही गरज नव्हती, पलीकडे एवढं म्हटलं की झालं. वावर सुटलं असतं, विहिरीची जागा सुटली असती. तुझ्या मुलाचं हो होतंच, मला कुणी बोल लावला नसता. साहेबांनी मला पाणी दिलं. मी पीत बसले, तेवढीच सवड. मी मनात तुला विचारत होते, आक्का, सांग ना, हो की नाही. धुळ्याच्या स्टँडवर बसली होतीस तशीच तू बसलेली दिसत होतीस, भाकरी मोडत, काही न सांगता.

मी म्हटलं, "अलीकडून न्या."

साहेबांना वाटलं, मला नकाशा कळला नाही. त्यांनी पुन्हा बोट ठेवून दाखवलं, हे तुमचं, हे त्यांचं. मी म्हटलं, कळलंय मला. माझ्यातून न्या, मी हो म्हणते. ते म्हणाले, "पण पलीकडे तर कुणाची हरकतच उरलेली नाही."

"तिची आहे," मी म्हटलं. "ती ऐकायची राहिली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पेन उचलून लिहिलं. मी सही केली. माझ्या पट्ट्यात आता विहीर होणार नाही. माझं पाणी तुझ्या वावराखालून येतं, ते निव्वळ तुझ्या शब्दावर, आणि उद्या तुझ्या मुलानं वावर विकायला काढलं तर नवा मालक तो शब्द मानेल की नाही, कोण जाणे. वेडी म्हण हवं तर. गाव तर म्हणणारच आहे, एवढं भांडून शेवटी स्वतःच्याच वावरात घेतली. जावयाला अजून सांगितलेलं नाही.

तू हसली असतीस की चिडली असतीस, मला खरंच ठाऊक नाही. कदाचित तू साहेबांना हसत हसत हो म्हटलं असतंस आणि मी उगाच विहीर घालवून बसले. ते आता मला कधी कळायचं नाही, आणि ज्याच्याशी त्यावर भांडावं असं माणूस माझ्याकडे उरलेलं नाही. पण एवढं ऐकून ठेव. तुला विचारता येत नव्हतं, म्हणून तुझ्या वावरात मी कुणाला शिरू दिलं नाही.